एक खांब की चार पाय?

फ्रान्सच्या किनाऱ्यावर २०२२ ते २०२४ या काळात समुद्रातले तीन मोठे पवनऊर्जा प्रकल्प सुरू झाले. लांबून पाहिलं तर तिन्हीकडे तेच चित्र: पांढरे मनोरे आणि त्यांवर तीन-तीन पाती. पाण्याखाली मात्र तिघांचे पाय तीन तऱ्हांचे आहेत. साँ-नाझेरसमोर ८० पवनचक्क्या एकेका जाडजूड पोलादी नळीवर उभ्या आहेत आणि त्या नळ्या बसवण्यासाठी खडक पोखरावा लागला. फेकांपसमोर ७१ पवनचक्क्या प्रत्येकी सुमारे ५,००० टनांच्या पोकळ काँक्रीट बैठकांवर आहेत. या बैठका तळात रोवलेल्या नाहीत, स्वतःच्या वजनाने बसल्या आहेत. साँ-ब्रियूच्या उपसागरातल्या ६२ पवनचक्क्यांखाली पोलादी नळ्यांचे जाळीदार सांगाडे आहेत. एकाच देशाने, जवळपास एकाच वेळी, एकाच प्रश्नाची तीन उत्तरं दिली.

या तीन नावांवरून एका काका-पुतणीत वाद सुरू झाला आणि तो बराच लांबला. काकांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. अरबी समुद्रातल्या तेलविहिरींवर जे मंच उभे असतात, त्यांच्याखालचे सांगाडे, म्हणजे जॅकेटं, बांधण्याचं त्यांचं काम. पुतणी रॉटरडॅममध्ये भू-तंत्र अभियंता आहे. समुद्रतळाखालची माती किती भार पेलेल आणि किती वर्षं पेलेल, याचं गणित ती मांडते. काका तिच्याकडे गेले असताना तिने त्यांना मासव्लाक्टेला नेलं. समुद्र हटवून तयार केलेला हा रॉटरडॅम बंदराचा पश्चिमेचा भाग. तिथल्या कारखान्याच्या आवारात मोनोपाइल आडवे ठेवलेले असतात आणि कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरूनही दिसतात. मोनोपाइल म्हणजे एकच नळी, पण कशी? व्यास तीन मजली घराच्या उंचीएवढा आणि वजन दोन हजार टनांच्या घरातलं.

काका कुंपणापाशी थांबले ते वेल्ड बघायला. जाड पोलादी प्लेट यंत्रात गोल वळवायची, तिची दोन टोकं उभ्या वेल्डने जोडायची, की एक कडं तयार होतं. अशी कडी एकापुढे एक जोडत नळी लांबवत न्यायची. शेजारशेजारच्या दोन कड्यांचे उभे वेल्ड कधी एका रेषेत येऊ देत नाहीत, मुद्दाम सरकवून घेतात, म्हणजे एका जोडातली चीर सरळ पुढच्या जोडात धावत नाही. काकांनी एका पाइलवर नजर फिरवून सांध्यांची जागा तपासली आणि मान डोलावली. काम चोख होतं. पण काम चोख असणं वेगळं आणि पोलाद योग्य जागी वापरणं वेगळं, हा त्यांचा पहिला मुद्दा.

"अगं, दोन हजार टन एका चक्कीला! पाणी चाळीस-पन्नास मीटर खोल असेल तर त्यापेक्षा बऱ्याच कमी पोलादात मी तुला जॅकेट देतो. चार पाय लांब लांब ठेवायचे, तिरक्या नळ्यांनी बांधायचे, लाटा मधून निघून जातात. ही तुझी नळी म्हणजे लाटेसमोर भिंत."

"पोलाद कमी लागतं, मान्य आहे," पुतणी म्हणाली. "पण काका, तुमच्या जॅकेटमध्ये सांधे किती? एका सांध्यात तीन-चार नळ्या वेगवेगळ्या कोनांत येऊन मिळतात. तो वेल्ड हातानेच करावा लागतो, आणि पंचवीस वर्षं लाटा खाऊन चीर पडते ती तिथेच. माझ्या पाइलला सगळे वेल्ड सरळ नाहीतर गोल. यंत्र लावलं की झालं. तुम्ही एका तेलक्षेत्राला एक मंच बांधत होता. इंग्लंडच्या पूर्वेला हॉर्नसी वन प्रकल्पात १७४ पवनचक्क्या आहेत. १७४ सारख्याच वस्तू हव्या असतील तर कारखाना लागतो, गोदी पुरत नाही."

युरोपच्या समुद्रात आज दर पाच पायांपैकी चार मोनोपाइल आहेत ते याच कारणाने. सुरुवात अगदी लहान होती. १९९१ साली डेन्मार्कच्या विंडेबी इथे जगातला पहिला समुद्री पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला, तो ११ पवनचक्क्यांचा. प्रत्येकीची क्षमता अवघी ४५० किलोवॉट, पाणी जेमतेम दोन ते चार मीटर, पाया काँक्रीटच्या बैठकांचा. १९९४ साली नेदरलँड्समध्ये लेली इथे चार पवनचक्क्या पोलादी मोनोपाइलवर उभ्या राहिल्या. त्या पाइलांचा व्यास साडेतीन मीटरच्या आसपास होता. २००२ साली डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर हॉर्न्स रेव्ह इथे ८० पवनचक्क्या आल्या. तिथून पुढे पवनचक्की मोठी होत गेली आणि पाइलही तिच्याबरोबर फुगत गेला.

काकांचा दुसरा आक्षेप जास्त खोल होता, आणि या वादात ऐकण्यासारखं जे काही आहे ते इथून सुरू होतं. तेलाचा मंच जड असतो. त्याचा भार मुख्यतः सरळ खाली जातो आणि पाइलने तो बाजूच्या मातीच्या घर्षणातून पेलायचा असतो. पवनचक्की त्या मानाने हलकी. तिचा त्रास वेगळाच आहे. १५ मेगावॉटच्या पवनचक्कीवर दोनशे टनांहून अधिक रेटा येऊ शकतो, आणि तोही पाण्यापासून दीडशे मीटर उंचीवर. म्हणजे पायाचं मुख्य काम वजन झेलण्याचं नाही, उलथू न देण्याचं आहे. जॅकेट हे काम पायांच्या जोड्यांनी करतं: वाऱ्यापलीकडचा पाय दाबला जातो, वाऱ्याकडचा उपसला जायला बघतो. मोनोपाइलला दुसरा पायच नाही. तो मातीत कलतो, आणि माती त्याला बाजूने परत ढकलते. सगळी भिस्त त्या बाजूच्या ढकलण्यावर.

"आणि ते ढकलणं तुम्ही कशावरून मोजता? आमच्याच तक्त्यांवरून ना?" काकांनी विचारलं.

प्रश्न नेमका होता. पाइल बाजूला किती सरकला की माती किती जोर लावते, हे सांगणारे वक्र तेल उद्योगाने अनेक दशकं वापरले. वाळूसाठीच्या त्या वक्रांचं मूळ टेक्सासच्या किनाऱ्यावर मस्टँग बेटावर झालेल्या चाचण्यांत आहे. तिथले पाइल ६१ सेंटिमीटर व्यासाचे आणि २१ मीटर लांब होते, म्हणजे व्यासाच्या चौतीस पट लांबी. असा सडपातळ पाइल वरच्या भागात वाकतो, खालचं टोक जागचं हलत नाही. आजचा मोनोपाइल आठ-दहा मीटर व्यासाचा असतो आणि मातीत तीस-चाळीस मीटर जातो. लांबी व्यासाच्या जेमतेम तीन-चार पट. तो वाकत नाही. तो अखंड फिरतो, आणि त्याचं खालचं टोक मागच्या बाजूला सरकतं. सडपातळ पाइलचं गणित बुटक्या पाइलला लावायचं, हे काकांना मुळातच पटत नव्हतं.

"आम्हालाही पटलं नव्हतं," पुतणी म्हणाली. "म्हणूनच पिसा प्रकल्प झाला."

पिसा हे पाइल आणि माती यांच्या विश्लेषणावरच्या एका संयुक्त प्रकल्पाच्या नावाचं लघुरूप. २०१३ पासून ऑक्सफर्ड, इंपीरियल कॉलेज आणि डब्लिन इथल्या विद्यापीठीय गटांनी पवनऊर्जा कंपन्यांबरोबर तो चालवला. इंग्लंडमध्ये काउडेन इथल्या चिकणमातीत आणि फ्रान्समध्ये डंकर्क इथल्या घट्ट वाळूत त्यांनी जमिनीवर पाइल ठोकले, सर्वांत मोठे दोन मीटर व्यासाचे, आणि ते बाजूला ओढून पाहिले. त्यातून दिसलं की बुटक्या पाइलला माती फक्त समोरून ढकलत नाही. पाइल फिरतो तेव्हा त्याची एक बाजू वर घासते, दुसरी खाली घासते, आणि ते घर्षणही फिरण्याला विरोध करतं. तळाचं वर्तुळ मातीवर सरकतं, तिथेही विरोध होतो. जुन्या वक्रांत या गोष्टी धरलेल्याच नव्हत्या, कारण सडपातळ पाइलमध्ये त्या नगण्य असतात. नव्या पद्धतीने गणित केल्यावर अनेक ठिकाणी पाइल आखूड आणि हलके करता आले.

काका थोडा वेळ गप्प राहिले. आयुष्यभर वापरलेले तक्ते ज्या चाचण्यांवर उभे होते, त्या चाचण्या कुणीतरी पुन्हा करून पाहिल्या आणि पोलाद वाचवलं, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. मग लगेच पुढचा प्रश्न.

"उलथणार नाही, ठीक आहे. पण हलेल त्याचं काय?"

हा प्रश्न मोनोपाइलच्या पोटातला आहे. प्रत्येक उंच वस्तूची हलण्याची स्वतःची एक गती असते. बाहेरून येणारे धक्के त्याच गतीने येऊ लागले तर हेलकावा वाढत जातो आणि पोलाद थकतं. समुद्रातल्या पवनचक्कीला असे धक्के तीन ठिकाणांहून बसतात. वादळातल्या मोठ्या लाटा दर आठ-दहा सेकंदांनी येतात, म्हणजे सुमारे ०.१ ते ०.१२५ हर्ट्झ. मोठ्या पवनचक्कीचं चक्र पूर्ण वेगात मिनिटाला साडेसात फेऱ्यांच्या आसपास फिरतं, म्हणजे तेही ०.१२५ हर्ट्झ. आणि तीन पाती एकामागून एक मनोऱ्यासमोरून जातात, त्यांचा ठोका याच्या तिप्पट वेगाने पडतो. चक्र सावकाश फिरत असेल तेव्हा तो ठोका ०.२५ हर्ट्झपर्यंत खाली येतो. मनोरा, पाइल आणि माती मिळून जी एक गती तयार होते ती या दोन मर्यादांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात बसवावी लागते. पात्यांची लांबी वाढते तसं चक्र सावकाश फिरतं आणि हा पट्टा लाटांच्या आणखी जवळ सरकतो.

मोनोपाइलच्या बाबतीत या गतीचा मोठा भाग माती ठरवते. माती सैल झाली की गती उतरते. पाण्याचा प्रवाह पाइलला वळसा घालताना भोवरे करतो आणि पाइलभोवतीची वाळू उकरतो. अभियंते धरून चालतात तो अंदाज असा की वाळूत हा खड्डा व्यासाच्या सुमारे १.३ पट खोल जाऊ शकतो. आठ मीटर व्यासाच्या पाइलला दहा मीटरचा खड्डा! म्हणून पाइलभोवती दगडांचे थर टाकतात, आधी बारीक, वरून मोठे. त्या दगडांत पुढे शिंपले, खेकडे, मासे वस्ती करतात हे खरं, पण दगड टाकतात ते वाळू जागेवर राहावी म्हणून.

"जॅकेटचे पाय लांब लांब असतात, त्यामुळे ते मुळातच ताठ. आम्हाला हा पट्टा शोधत बसावा लागत नाही," काका म्हणाले.

"तिथे तुमचं खरं आहे. साठ मीटरच्या जवळ पाणी गेलं की आम्हीही जॅकेटकडे येतो."

मोनोपाइलचा इतिहासही निर्धोक नाही, आणि ते पुतणीनेच सांगितलं. हॅमरने ठोकलेला पाइल शंभर टक्के उभा राहत नाही, थोडा कलतो, शिवाय त्याचं डोकं मार खातं. म्हणून त्यावर थोड्या मोठ्या व्यासाची दुसरी नळी चढवायची, ती बरोबर उभी करायची आणि दोन नळ्यांमधल्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचं मिश्रण, भरायचं, अशी पद्धत पडली. हॉर्न्स रेव्हपासून पुढे शेकडो पवनचक्क्या अशा उभ्या राहिल्या. २००९-१० च्या सुमारास लक्षात आलं की वरच्या नळ्या खाली सरकताहेत. नेदरलँड्सच्या एग्मोंड आन झे प्रकल्पातही हेच दिसलं. नळ्यांचे पृष्ठभाग गुळगुळीत होते. वाऱ्याने जोड एकदा इकडे, एकदा तिकडे वाकत राहिला, ग्राउटची पकड सुटली आणि बांधकामाच्या वेळी तात्पुरते लावलेले टेकू सगळं वजन झेलू लागले. नळी जितकी रुंद तितकी ही पकड कमकुवत होते, हे आधीच्या नियमांत धरलेलं नव्हतं. मग नियम बदलले. काही ठिकाणी जोड शंकूच्या आकाराचे केले, काही ठिकाणी नळ्यांवर वेल्डचे उंचवटे दिले. आता बहुतेक ठिकाणी ग्राउट सोडून थेट फ्लँज आणि बोल्ट वापरतात.

"वेल्डचे उंचवटे!" काका एकदम म्हणाले. "जॅकेटच्या पायात पाइल घालून आम्ही ग्राउट भरायचो, तेव्हा पाइलवर वेल्डच्या कडा काढायचो, घट्ट धरावं म्हणून. तेलवाल्यांनी शिकलेलं तुम्ही सोडून दिलंत."

पुतणीने यावर वाद घातला नाही. समुद्री पवनऊर्जेचे पहिले अभियंते बरेचसे जमिनीवरच्या पवनचक्क्यांतून आले होते. तेल उद्योगाने पन्नास वर्षांत जमवलेलं ज्ञान त्यांच्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी पोहोचलं. हा दुवा तुटला नसता तर ती शेकडो दुरुस्त्यांची वेळ आली नसती, असं या लेखकालाही वाटतं.

आवाजाच्या मुद्द्यावर मात्र पुतणीच आक्रमक होती, तेही स्वतःच्या मोनोपाइलविरुद्ध. हॅमरचा एकेक घाव पाण्यातून कित्येक किलोमीटर ऐकू जातो. उत्तर समुद्रातले हार्बर पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचे लहानखुरे भाऊबंद, आवाजावर दिशा ओळखतात आणि आवाजावरच शिकार शोधतात. जर्मनीने नियम केला आहे की ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर एका घावाची ध्वनिऊर्जा १६० डेसिबलच्या वर जाता कामा नये. तो पाळण्यासाठी तळावर पाइलभोवती वर्तुळात भोकांची नळी पसरतात आणि तिच्यातून हवा सोडतात. बुडबुड्यांचा पडदा उठतो आणि आवाज अडतो. हेल्गोलँड बेटाजवळच्या कास्कासी प्रकल्पात तर काही पाइल घाव न घालता कंपनाने खाली उतरवले.

"मग जॅकेट घे आणि हॅमरच सोड," काका म्हणाले. "सक्शन बकेट."

हे नाव घेताना त्यांचा चेहरा खुलला. सक्शन बकेट म्हणजे वरून बंद, खालून उघडं पोलादी पिंप. जॅकेटच्या प्रत्येक पायाखाली एक. ते तळावर टेकवलं की वजनाने थोडं रुततं. मग झाकणाला लावलेला पंप आतलं पाणी उपसतो. आतला दाब कमी होतो आणि बाहेरचं पाणी झाकण खाली रेटतं. दहा मीटर व्यासाच्या झाकणावर एका वातावरणाइतका दाबाचा फरक पडला तर जवळपास आठशे टन जोर लागतो. एकही घाव न घालता पिंप तळात शिरतं. काढायचं असेल तेव्हा पंप उलटा चालवायचा, पाणी आत सोडायचं, पिंप वर येतं. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनच्या किनाऱ्याजवळ २०१८ साली ११ पवनचक्क्या अशा पायांवर उभ्या राहिल्या. स्कॉटलंडच्याच सीग्रीन प्रकल्पात ११४ पवनचक्क्या आहेत. तिथलं एक जॅकेट २०२३ मध्ये जवळपास ५९ मीटर खोल पाण्यात बसवलं. तळावर टेकलेल्या पवनचक्कीसाठी तो त्या वेळचा विक्रम होता.

"सक्शन बकेट छान आहे, काका, पण तळात मोठे धोंडे लागले की पिंपाची कड दुमडते. खाली वाळू, वर चिकणमाती असे थर असले की आतला मातीचा गोळा उचलला जाऊ शकतो. प्रत्येक पायाच्या जागी तळ नीट वाचायला लागतो."

"तेच तर मी सकाळपासून सांगतोय."

काँक्रीटच्या बैठकांवर दोघांचं फारसं भांडण झालं नाही. कोपनहेगनजवळ मिडलग्रुंडेनला २००० साली २० पवनचक्क्या काँक्रीटवर उभ्या राहिल्या, आणि फेकांपच्या बैठका ल आव्रच्या बंदरात ओतल्या गेल्या. काम स्थानिकांना मिळतं, पोलाद कमी लागतं, हॅमर लागत नाही. पण तळ आधी सपाट करून खडीचा थर द्यावा लागतो आणि हजारो टनांच्या बैठका ओतायला बंदरात प्रचंड जागा लागते. विंडेबीचा प्रकल्प २०१७ साली उतरवला तेव्हा त्या बैठका जागच्या जागी फोडून उचलाव्या लागल्या. तरंगत्या पवनचक्क्यांचा विषय निघाला तोही थोडक्यात. स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ २०१७ पासून पाच तरंगत्या पवनचक्क्या सुमारे शंभर मीटर पाण्यात आहेत. २०२४ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी पाचही ओढत नॉर्वेला न्याव्या लागल्या. साठ-सत्तर मीटरच्या पुढे दुसरा मार्ग नाही, एवढ्यावर दोघं थांबली.

मग खंबातच्या आखाताची गोष्ट निघाली आणि वादाला खरा जोर चढला.

भारताच्या समुद्रात अजून वीज देणारी एकही पवनचक्की नाही. धोरण २०१५ साली आलं. गुजरातच्या पिपावावसमोर २०१७ साली समुद्रात वाऱ्याचा वेग मोजणारं लायडार यंत्र एका मंचावर बसवलं. त्या मंचाखाली मोनोपाइल आहे. जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटी रुपयांची मदत योजना मंजूर केली, त्यातून गुजरात आणि तमिळनाडूत प्रत्येकी ५०० मेगावॉटचे प्रकल्प उभे राहायचे आहेत. यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत.

"बघ," काका म्हणाले, "आखाताच्या तोंडाशीच हजिरा. तिथे तेलाच्या मंचांचे सांगाडे बांधणारी गोदी आहे. माणसं आहेत, वेल्डर आहेत, क्रेन आहेत. आपल्याला जॅकेट बांधता येतं. दोन हजार टनांची नळी उचलायला जहाज कुठून आणणार, आणि ती ठेवायला तेवढा दणकट धक्का कुठे आहे? त्यातून नर्मदा, तापी, मही, साबरमती, सगळ्यांचा गाळ त्या आखातात. वरचे थर मऊ. मऊ मातीत तुझ्या नळीला बाजूचा आधार कोण देणार?"

पुतणीने आकडा मांडला. ५०० मेगावॉट म्हणजे आठ-दहा मेगावॉटच्या पन्नास ते साठ पवनचक्क्या. साठ जॅकेटं, प्रत्येकाला तीन-चार पाय, प्रत्येक पायाखाली पाइल. हाताने वेल्ड करायचे सांधे हजारांत जातील. "आणि मऊ माती काही आपल्याकडेच नाही. चीनने शांघायजवळ डोंगहाई पुलाशेजारी २०१० साली ३४ पवनचक्क्या उभ्या केल्या, गाळातच. प्रत्येकीखाली आठ तिरपे पाइल आणि वर काँक्रीटचा ठोकळा. पुढे चीननेही मोनोपाइल घेतले."

"पुढे घेतले. आधी पाइलांचा घोळका केला. का? मातीने नळीवर भरवसा ठेवू दिला नाही म्हणून." काका आता आपल्या आवडत्या उदाहरणावर आले. १९८२ साली ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यासमोर नॉर्थ रँकिन या वायूच्या मंचाचे पाइल ठोकताना ते गणितापेक्षा कितीतरी कमी विरोधाने खाली गेले. तिथली वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची, चुनखडीची होती. कण पोकळ आणि ठिसूळ. पाइलने ते चिरडले आणि घर्षण नाहीसंच झालं. पाया मजबूत करायला नंतर फार मोठा खर्च आला. मुंबई हायच्या तळातही अशी चुनखडीची वाळू आहे, म्हणून काकांच्या पिढीने हे प्रकरण पाठ केलं होतं. कागदावर घट्ट दिसणारी वाळू हॅमरखाली काय करील, हे तिथलाच तळ सांगतो.

पुतणीने पिसाची आठवण करून दिली. चिकणमातीच्या चाचण्या झालेल्या आहेत, काउडेनला.

"काउडेनची माती हिमनदीने दाबून दाबून बसवलेली. कडक. तुझ्या गणितात ती चालेल. खंबातची माती कालची आहे. तिच्यावर हिमनदी कधी बसली नाही. आणि आपल्याकडे चक्रीवादळ येतं. तौक्तेचं केंद्र मे २०२१ मध्ये दीव आणि उना यांच्या मध्ये किनाऱ्यावर आलं, पिपावावपासून हाकेच्या अंतरावर म्हण. मऊ चिकणमातीला तासन् तास लाटांचे हेलकावे बसले की ती आणखी मऊ होते. ते काउडेनला कुणी मोजलं?"

पुतणीला याचं उत्तर देता आलं नाही, आणि तिने ते लपवलंही नाही. इतक्या मऊ मातीत, चक्रीवादळाच्या भाराखाली, बुटका पाइल कसा वागतो, याच्या क्षेत्रचाचण्या पिसासारख्या मोठ्या प्रमाणावर खंबातच्या मातीत झालेल्या नाहीत. उत्तर समुद्रात प्रत्येक पवनचक्कीच्या नेमक्या जागी तळात टोकदार नळी दाबून मातीचा विरोध मोजतात. तेवढं तर करायलाच हवं, पण त्याने फक्त माती कळते, पाइल कळत नाही. आखाताच्या किनाऱ्यावरच्या भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. ओहोटीला किनाऱ्यावर मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. त्याच चिखलात पाइल ठोकून चाचणी करता येईल, समुद्रात जहाज नेण्याचीही गरज नाही.

यावर दोघं एकत्र आली आणि लगेच पुन्हा वेगळी झाली. पुतणीच्या मते पहिली चाचणी दोन मीटर व्यासाच्या बुटक्या पाइलला बाजूने ओढण्याची असावी, एकदाच नव्हे, हजारो वेळा पुढे-मागे, आणि दर वेळी तो किती कलला ते मोजत. त्यातून मऊ मातीसाठीचे वक्र मिळतील आणि मोनोपाइल किती जाड लागेल ते ठरवता येईल. काकांना आधी हवी आहे ती सडपातळ पाइल वर उपसण्याची चाचणी, कारण वाऱ्याकडचा जॅकेटचा पाय उपसूनच निसटणार. दोन पाइल शेजारी शेजारी ठोकले तर दोन्ही चाचण्या एकाच हंगामात होतील, असं पुतणीने सुचवलं. काकांनी ते मान्य केलं, एक अट घालून: पाइल ठोकल्यावर पूर्ण पावसाळा जाऊ द्यायचा आणि मगच ओढायचे. ठोकताना चिकणमाती विस्कटते आणि तिची पकड परत यायला महिने लागतात. हे त्यांनी तिला दोनदा सांगितलं.